घरच्या पोकरसाठी चिप्स घेताय? कोकणच्या हवेत टिकतील आणि हिशोबात पुरतील अशा कशा निवडायच्या

गणपतीत रात्रीची आरती झाली, जेवणं उरकली की आमच्या ओटीवर सतरंजी अंथरली जाते आणि पत्ते निघतात ते पहाटेपर्यंत. पूर्वी रमी, मेंढीकोट, जजमेंट एवढंच असायचं. मग मुंबईहून येणारी भाचे-पुतण्यांची पिढी पोकर घेऊन आली, आणि आता मे महिन्यात, गणपतीत, दिवाळीत सगळे जमले की पोकरच चालतं. पहिली दोन वर्षं आम्ही चिंचोक्यांवर खेळलो, मग काजूच्या बियांवर. आमच्याकडे वेंगुर्ला-७ ची झाडं आहेत, तिची बी साधारण १० ग्रॅमची, हातात घ्यायला छान भरीव लागते. पण बियांचं एक दुखणं आहे, सगळ्या बियांची किंमत एकच. कुणी दोनशेची चाल केली की दोनशे बिया मोजत बसायचं, तेवढ्यात दोघं चहाला उठतात, एक जण झोपतो, खेळाची लयच जाते. वेगवेगळ्या किमतीच्या चिप्स (चाल म्हणून मांडायच्या गोल चकत्या) लागतात त्या यासाठी, दिसायला कॅसिनोसारखं वाटावं म्हणून नाही.

मी पहिला सेट घाईत घेतला आणि तो दोन पावसाळ्यांत वाया गेला. चिप्सवरचे स्टिकर सुटले, पेटीच्या कड्या गंजल्या, आतल्या मखमलीला बुरशी आली. नंतरचा सेट घ्यायच्या आधी मी बरंच शोधलं, नमुने मागवून हातात घेऊन बघितले, कागदावर हिशोब मांडले, आणि तो सेट आजही ठणठणीत आहे. तेच सगळं इथे क्रमाने लिहितो, म्हणजे तुमचे पैसे पहिल्याच फटक्यात योग्य जागी जातील.

आधी माणसं आणि खेळ ठरवा, सेट नंतर

दुकान उघडायच्या आधी एक कागद घ्या. त्यावर लिहा की नेहमी किती जण बसतात (गर्दीच्या एखाद्या रात्रीचा आकडा धरू नका, नेहमीचा धरा), आणि खेळ कुठला, कॅश गेम की टुर्नामेंट. ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅश गेममध्ये चिपवर जो आकडा तीच तिची किंमत, ब्लाइंड रात्रभर तेवढेच राहतात, चिप्स संपल्या तर परत घेता येतात, झोप आली तर मोजून उठता येतं. टुर्नामेंटमध्ये सगळ्यांना सुरुवातीला सारख्या चिप्स मिळतात, ब्लाइंड ठराविक वेळाने वाढत जातात, चिप्स संपल्या की माणूस बाहेर, आणि शेवटी सगळ्या चिप्स एकाकडे जमा होतात. (ब्लाइंड म्हणजे वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांनी पत्ते बघायच्या आधी टाकायची सक्तीची रक्कम, पहिल्याची छोटी, दुसऱ्याची तिच्या दुप्पट.)

हा फरक चिप्सच्या बाबतीत फार मोठा आहे. कॅश गेमला रात्रभर एकच चिप सगळ्यात जास्त फिरते, तिच्या भरपूर लागतात. टुर्नामेंटला मात्र छोट्या चिप्स तासा-दीड तासात निरुपयोगी होतात आणि मोठ्या आकड्यांच्या लागायला लागतात. बाजारात ३००, ५०० चे तयार सेट मिळतात त्यात रंगांची वाटणी बऱ्याचदा दोन्हींपैकी कशालाच धड नसते, एक रंग १०० आणि बाकीचे ५०-५० असं काहीतरी असतं. म्हणून एकूण किती चिप्स यापेक्षा कुठल्या आकड्याच्या किती, हे आधी बघायचं.

कॅश गेमचा हिशोब

ब्लाइंड १ आणि २ धरू. रूढ पद्धत अशी की प्रत्येकाने मोठ्या ब्लाइंडच्या शंभर पट घेऊन बसायचं, म्हणजे २००. ते कसे द्यायचे? १ च्या १० चिप्स, ५ च्या १८, आणि २५ च्या ४. दहा, नव्वद आणि शंभर, झाले दोनशे. माणशी ३२ चिप्स. आठ जण बसले तर १ च्या ८०, ५ च्या १४४, २५ च्या ३२. इथे ५ ची चिप सगळ्यात जास्त लागते हे लक्षात आलं असेल, कारण बहुतेक चाली पाच, दहा, पंधरा अशाच असतात. १ ची फक्त ब्लाइंड टाकायला आणि सुटे द्यायला. नवीन माणसं इथेच चुकतात, १ च्या ढीगभर घेतात, ५ च्या कमी पडतात आणि मग दर डावाला सुटे मागत बसतात.

परत चिप्स घेणाऱ्याला छोट्या देऊ नका, सगळं २५ आणि १०० मध्ये द्या, सुटे टेबलावर असतातच. म्हणून कॅश गेमसाठी वेगळा सेट घेणार असाल तर १ च्या १००, ५ च्या १६०, २५ च्या १०० आणि १०० च्या ४० अशा ४०० चिप्समध्ये आठ जणांची रात्र आरामात निघते. सहाच जण असाल तर ३०० पुरतात.

आकड्यांमधलं अंतरही बघा. एका चिपपासून पुढची शक्यतो चार-पाच पट असावी: १, ५, २५, १००. काही सेटमध्ये ५, १०, २५, ५० असं सगळं कोंबलेलं असतं, दिसायला भरगच्च वाटतं पण ५ आणि १० दोन्ही टेबलावर असले की मोजताना घोळ होतो आणि पाच रंगांच्या छोट्या छोट्या चवडी लावत बसावं लागतं. टेबलावर एका वेळी तीन, फार तर चार रंग असावेत.

टुर्नामेंटचा हिशोब

इथे जरा सविस्तर थांबतो, कारण बहुतेकांचं गाडं इथे अडतं.

सुरुवातीला प्रत्येकाला १०,००० पॉइंटच्या चिप्स आणि ब्लाइंड २५-५० पासून सुरू, हा घरच्या खेळाला बसणारा साचा आहे. १०,००० असे द्या: २५ च्या १२, १०० च्या १२, ५०० च्या ५, १००० च्या ६. बेरीज करून बघा, तीनशे, बाराशे, अडीच हजार, सहा हजार. माणशी ३५ चिप्स, आठ जणांना २८०. दहा जण आले तर २५ च्या ८, १०० च्या ८, ५०० च्या ४ आणि १००० च्या ७ द्या, तेही बरोबर १०,००० होतात आणि एकूण २७० च चिप्स लागतात.

त्यावर थोड्या जादा लागतात त्या दोन कारणांसाठी. एक, लवकर बाहेर पडलेल्याला परत घ्यायचं असेल, म्हणजे रिबाय, तर त्याला ५००० च्या दोन चिप्स दिल्या की काम झालं. दुसरं कलर-अप, म्हणजे निरुपयोगी झालेल्या छोट्या चिप्स टेबलावरून काढून त्यांच्या बदल्यात मोठ्या द्यायच्या. आठ जणांच्या २५ च्या ९६ चिप्स म्हणजे २४००, त्या काढताना तेवढ्याच किमतीच्या १०० आणि ५०० च्या चिप्स पेटीत शिल्लक हव्यात. हे सगळं धरून माझ्या सेटची वाटणी अशी आहे: २५ च्या १००, १०० च्या १००, ५०० च्या ५०, १००० च्या ७५, ५००० च्या २५. एकूण ३५०. चार वर्षांत एकदाही कमी पडलेली नाही.

ब्लाइंड असे चढवा: २५-५०, ५०-१००, ७५-१५०, १००-२००. इथे चहाची सुट्टी, आणि २५ च्या सगळ्या चिप्स गोळा करा कारण पुढे त्यांचं काम नाही. मग १५०-३००, २००-४००, ३००-६००, ४००-८००, परत सुट्टी, आता १०० च्या काढा. मग ५००-१०००, १०००-२०००, १५००-३०००, २०००-४०००. प्रत्येक पायरी २० मिनिटांची ठेवली तर बारा पायऱ्यांचे चार तास होतात. आणि सगळ्या चिप्सची बेरीज मोठ्या ब्लाइंडच्या वीस पटीच्या आसपास आली की टुर्नामेंट साधारण संपत येते, आठ जणांचे ८०,००० म्हणजे मोठा ब्लाइंड ४००० झाला की निकाल जवळ. रात्री दहाला बसलात तर दोनच्या सुमाराला मोकळे. सकाळी पूजेला उठायचं असतं त्या घरात याचं महत्त्व कळेल.

कलर-अपच्या वेळी कुणाकडे २५ च्या सातच उरल्या तर? चारची एक १०० दिली, तीन उरल्या. कॅसिनोत याला पत्ते वाटून निकाल लावायची पद्धत आहे, घरी सोपं ठेवा, दोन किंवा तीन उरल्या तर पूर्ण १०० द्या, एकच उरली तर ती सोडून द्यायची. फक्त हे खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना सांगा, मधेच सांगितलं की कुरबूर होते.

एकाच सेटमध्ये दोन्ही भागवायचं असेल तर

माझं प्रामाणिक मत, घरच्यासाठी दोन सेट घेऊ नका. वर सांगितलेला २५ ते ५००० आकड्यांचा टुर्नामेंट सेट घ्या आणि कॅश गेम पण त्याच चिप्सवर पॉइंटमध्ये खेळा. ब्लाइंड २५-५०, बसताना ५००० पॉइंट: २५ च्या १२, १०० च्या १२, ५०० च्या ५ आणि १००० ची १. झाले पाच हजार. आठ जणांना २५ च्या ९६, १०० च्या ९६, ५०० च्या ४०, १००० च्या ८, म्हणजे तोच ३५० चा सेट पुरून उरतो. नंतर घेणाऱ्यांना १००० आणि ५००० च्या द्यायच्या.

याचा एक फायदा असा की चिपचा आणि रुपयाचा थेट संबंध राहत नाही. आमच्या घरी पोकर पॉइंटवरच चालतं, पैसे लावत नाही, आणि तुम्हीही तसंच ठेवा असं मी मनापासून सांगेन. महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासूनचा आहे आणि घरमालकाने डावामागे नाल, म्हणजे आपला वाटा, घ्यायला सुरुवात केली की ते घर कायद्याच्या नजरेत जुगाराचा अड्डा होतं. तेरेखोल नदीच्या पलीकडे गोव्यात कॅसिनोंना परवाना आहे म्हणून अलीकडच्या आपल्या ओटीवर तेच चालेल असं समजू नका. शिवाय पैसा आला की घरातली लहान मुलं, बायका, काका-मामा एकत्र बसतात ती मजा जाते. भजी-चहाचा खर्च सगळ्यांत वाटून घ्या आणि चिप्स पॉइंट म्हणूनच राहू द्या.

आकडा नसलेल्या चिप्सही मिळतात, कडेला फाशाचे ठिपके किंवा पत्त्यांची चिन्हं असतात. त्यांना आज १ आणि उद्या १०० अशी हवी ती किंमत देता येते, म्हणून काही जण त्याच घ्या म्हणतात. मी नाही म्हणणार. नवीन माणूस बसला की हिरवी किती, लाल किती हे रात्रभर विचारत राहतो, आणि आमच्याकडे तर दर सणाला एक-दोन नवीन असतातच. घेतल्याच असतील तर रंगांचा तक्ता मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा.

कुठल्या मटेरियलच्या घ्यायच्या

आता मुख्य गोष्ट. कोल्हापूर-पुण्याला चालेल ते इथे चालेलच असं नाही. आपल्याकडे वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस, त्यात समुद्र जवळ असेल तर खारी हवा बारा महिने. लोखंडाचं काहीही टिकत नाही हे कोकणी माणसाला वेगळं सांगायला नको.

सगळ्यात स्वस्त असतात त्या साध्या प्लास्टिकच्या, दोन-चार ग्रॅमच्या, पंख्याच्या वाऱ्याने हलतात. लहान मुलांच्या खेळण्यासाठी ठीक.

त्यानंतर येतात त्या बाजारात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या ११.५ ग्रॅम, १३.५ किंवा १४ ग्रॅमच्या. या वजनदार कशाने होतात, तर प्लास्टिकच्या आत धातूची चकती बसवलेली असते. विकणारे बऱ्याचदा याला क्ले (माती) म्हणतात पण असतं ते एबीएस प्लास्टिक किंवा त्याच्यासारखं मिश्रण. चुंबक लावून बघा, चिकटला तर आत लोखंड आहे. चांगल्या बनावटीत ती चकती पूर्ण बंद असते आणि काही होत नाही, पण स्वस्त मालात जोड नीट बसलेला नसतो, दमट हवा आत शिरते, मग कडेला तपकिरी रेघ दिसायला लागते. माझ्या पहिल्या सेटमध्ये दुसऱ्या श्रावणात दिसली. वरचा आकडा स्टिकरवर असतो, तोही ओलाव्याने सुटतो. म्हणून इथल्या हवेसाठी या प्रकाराला मी शेवटचा नंबर देतो. आणि जड म्हणजे भारी हा समज काढून टाका, अमेरिकेतल्या जुन्या कॅसिनोंच्या खऱ्या क्लेच्या चिप्स साडेआठ ते दहा ग्रॅमच्याच असतात.

ती खरी क्ले, म्हणजे साच्यात दाबून केलेली, पॉलसन वगैरे नावं तुम्ही ऐकली असतील. हातात घेतल्यावर तिचा स्पर्श आणि एकमेकींवर पडतानाचा मंद आवाज वेगळाच असतो यात शंका नाही. पण पॉलसन कंपनी चिप्स कॅसिनोंनाच विकते, आपल्यासारख्यांच्या हातात येतात त्या जुन्या, संग्राहकांकडून, बाहेरून मागवलेल्या, आणि किंमत ऐकून खाली ठेवाल. त्यांच्या कडाही झिजतात.

माझी निवड सिरॅमिक. नाव सिरॅमिक असलं तरी ही भाजलेली माती नसते, एक प्रकारचा कडक प्लास्टिकसारखाच पदार्थ असतो, आत धातू नाही, वजन १० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे आमच्या वेंगुर्ला-७ च्या बीएवढंच. यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही की छपाई थेट चिपमध्ये मुरवलेली असते, कडेवरसुद्धा, सुटायला स्टिकरच नाही. गंजायला काही नाही. धुता येतात. तोटे दोन: एक, गुळगुळीत असतील तर चवड घसरते, म्हणून पृष्ठभाग थोडा खरखरीत असलेल्या मागा. दुसरा, चिऱ्याच्या पायरीवर किंवा लादीवर पडल्या तर कडेचा टवका उडण्याची शक्यता असते, प्लास्टिकची चिप अशी सहसा उडत नाही. किंमत ११.५ ग्रॅमवाल्यांपेक्षा बरीच जास्त पडते हे खरं, पण मी दोन वर्षांत टाकून दिलेल्या सेटचे पैसे त्यात धरले तर सिरॅमिकच स्वस्त पडला असता.

बजेट नसेल तर? मग लोखंड नसलेल्या कंपोझिट (मिश्र प्लास्टिकच्या) चिप्स शोधा, वजन कमी असेल तरी चालेल, आणि आकडा स्टिकरवर नसून ठोकलेला किंवा छापलेला असेल असं बघा.

रंग निवडताना उजेड बघा

अमेरिकेत रूढ झालेले रंग असे: १ पांढरी, ५ लाल, २५ हिरवी, १०० काळी, ५०० जांभळी, १००० पिवळी. पाळलेच पाहिजेत असा नियम नाही, पण पाळले तर बाहेरून आलेल्याला लगेच कळतं.

खरी परीक्षा पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा होते. गणपतीच्या एका रात्री एमर्जन्सी दिव्याच्या उजेडात आमचे एक काका चिप डोळ्यांजवळ नेऊन "ही पांढरी काय पिवळी ता सांग रे आधी" असं प्रत्येक डावाला विचारत होते, आणि त्यांचं बरोबर होतं, पिवळट उजेडात पांढरी आणि पिवळी, काळी आणि जांभळी, गडद निळी आणि हिरवी एकसारख्या दिसतात. म्हणून नमुना आला की रात्री खोलीतला दिवा घालवून मोबाईलच्या टॉर्चवर सगळ्या चिप्स शेजारी शेजारी ठेवून बघा. कडेचे पट्टे प्रत्येक किमतीला वेगळे असतील तर उत्तम, कारण चवडीत फक्त कडच दिसते. घरात कुणाला लाल-हिरव्यातला फरक कळत नसेल (पुरुषांमध्ये हे बऱ्यापैकी आढळतं, कधी कधी त्या माणसालाही माहीत नसतं) तर लाल आणि हिरवी एकाच सेटमध्ये शेजारच्या किमतींना नको. आकडा ठळक हवा, नक्षीत हरवलेला नको. वयस्कर माणसं खेळत असतील तर हे सगळ्यात आधी बघा.

नमुना मागवा, मग तपासा

पूर्ण सेट एकदम मागवू नका. बरेच विकणारे प्रत्येक किमतीची एकेक चिप असा नमुना देतात, त्याचे थोडे पैसे पडतात पण ते वसूल होतात. मुंबईत कुणी असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटला खेळण्यांची आणि स्टेशनरीची होलसेल दुकानं आहेत, चाकरमानी भावाला तिकडे चक्कर मारून विचारून यायला सांगा, प्रत्यक्ष हाताळून बघण्याची सर फोटोला नाही.

सेट आला की पेटी उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मोजा, कारण आपल्याकडे पार्सल उशिरा पोचतं आणि परत करायची मुदत हातातून जाते. मग हे बघा. वीस चिप्सची चवड लावा, शेजारी दुसरी वीसची. नेहमीची चिप ३९ मिमी रुंद आणि साधारण ३.३ मिमी जाड असते, म्हणजे वीसची चवड ६६ मिमीच्या आसपास यायला हवी. दोन चवडींच्या उंचीत फरक दिसला तर जाडी सारखी नाही, आणि मग नजरेने मोजणं कायमचं बंद, एकेक चिप मोजावी लागेल. नंतर एकेक चिप काचेवर ठेवून हलकेच फिरवा, भिंगरीसारखी फिरत राहिली तर मधे फुगीर आहे, अशी चिप चवडीत डगमगते. एखाद-दुसरी निघाली तर चालतं, दहातल्या चार निघाल्या तर परत पाठवा. कडेवरून बोट फिरवा, साच्यातून आलेली धार राहिलेली असते ती टोचते. वास घ्या, उग्र प्लास्टिकचा वास असेल तर दोन दिवस सावलीत उघड्यावर ठेवून परत घ्या, तरी राहिला तर नको.

आणि लागतील त्यापेक्षा दहा टक्के जास्तच मागवा. अंगणात पडतात, मुलं नेतात, आणि वर्षभराने त्याच रंगाच्या पुन्हा मागवल्या तर छटा थोडी वेगळी निघते.

पेटी, पत्ते आणि बसायची जागा

सेटबरोबर येणारी चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची पेटी किनाऱ्यावर टिकत नाही. पत्र्यावर पांढरी भुकटी धरते, कड्या-बिजागऱ्यांचे स्क्रू गंजतात आणि आतला फोम ओलावा धरून ठेवतो, बुरशी तिथूनच सुरू होते. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचे रॅक मिळतात, एकात १०० चिप्स, पाच रांगा वीस-वीसच्या. ते घ्या आणि घट्ट झाकणाच्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. रॅकमुळे मोजणीही एका नजरेत होते, रांग भरली नाही म्हणजे चिप हरवली. वजनाचा पण विचार करा, १४ ग्रॅमच्या ५०० चिप्स म्हणजे ७ किलो, वर पेटी. एसटीने किंवा कोकण रेल्वेच्या गर्दीत हे घेऊन जायचं असेल तर १० ग्रॅमच्या ३५० चिप्सचे साडेतीन किलो किती बरे वाटतात ते खांदाच सांगेल.

पत्ते कागदी नकोत. जूनमध्ये फुगतात, एकमेकांना चिकटतात, पिसताच येत नाहीत. पूर्ण प्लास्टिकचे घ्या, दोन जोड वेगळ्या पाठीचे, एक वाटला जात असताना दुसरा पिसायचा. (आपल्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा गोल, १२० पत्त्यांची, हाताने रंगवलेली, राजवाड्यात बघायला मिळते, पत्त्यांची आवड असेल तर एकदा जाऊन बघाच.) डीलरचं बटण (वाटायची पाळी कुणाची ते दाखवणारी चकती) सेटबरोबर येतं, नसेल तर कुठलंही मोठं चपटं काही चालेल, फक्त चिपच्या रंगाचं नको.

सतरंजीवर चिप्सच्या चवडी उभ्या राहत नाहीत, सुरकुत्यांवर कलतात. आणि नुसत्या लादीवर घसरतात, आवाजही कानाला लागतो. खाली बसून खेळायचं असेल तर रबरी पाठीची जाड चटई अंथरा, निओप्रिनची (मऊ कृत्रिम रबराची) मिळाली तर सर्वात चांगली, पाणी सांडलं तरी पुसून घेता येते. सुताराकडून प्लायचं टेबल करून घेणार असाल तर वर बनातीचं हिरवं कापड लावू नका, पावसाळ्यात त्याला वास येतो. खाण्याचे जिन्नस कोरडे ठेवा, शेंगदाणे, खाजा, चिवडा. सोलकढी आणि तळलेल्या माशाचे हात चिप्सपासून लांब. भजी हवीतच असतील तर सुट्टीत, आणि हात धुऊन.

खेळताना दोन-तीन सवयी

एकाच माणसाकडे बँक द्या, त्याने वहीत लिहायचं, कुणी किती घेतल्या, कुणी किती परत केल्या. मोठ्या किमतीच्या चिप्स पुढे दिसतील अशा ठेवायच्या, चवडीमागे लपवायच्या नाहीत. चाल करताना चिप्स मधल्या ढिगात फेकायच्या नाहीत, आपल्यासमोर नीट रचून ठेवायच्या म्हणजे मोजता येतात. आणि एकाच रात्री टुर्नामेंट चालू असताना बाहेर पडलेल्यांनी त्याच सेटच्या चिप्सवर शेजारी दुसरा खेळ मांडायचा नाही. हे आम्ही एकदा केलं आणि शेवटी टेबलावर ८०,००० च्या जागी ८१,५०० निघाले, कुणाच्या कुठून आल्या ते शेवटपर्यंत कळलं नाही, चांगली रंगलेली टुर्नामेंट तशीच मोडावी लागली. बाहेर पडलेल्यांसाठी काजूच्या बिया आहेतच.

धुणं आणि पावसाळ्याची तयारी

सिरॅमिक चिप्स कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाकून मऊ ब्रशने घासा, लगेच स्वच्छ पाण्यातून काढा आणि सुती पंचावर पसरून पंख्याखाली वाळवा. धातू असलेल्या किंवा स्टिकरच्या चिप्स पाण्यात बुडवायच्या नाहीत, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरड्या करायच्या. खऱ्या क्लेच्या तर भिजत घालायच्याच नाहीत. उन्हात तासन् तास ठेवू नका, रंग उतरतात. वर्षातून एकदा एवढं पुरे, मी दिवाळीनंतर करतो.

आणि आगोटीच्या कामांबरोबर हेही एक काम धरा. मिरगाच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस लागलेला नसताना, सगळ्या चिप्स बाहेर काढा, मोजा, पुसा. सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या) पुड्यांतले दाणे काढून कढईत मंद आचेवर सुकवून परत भरा, रंग बदलणारे दाणे असतील तर सुकले की कळतंच. प्रत्येक डब्यात दोन-तीन पुड्या, पत्त्यांच्या डब्यात एक. डबा जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, चुलीच्या खोलीजवळच्या फळीवर ठेवा, तिथे ऊब राहते. झाकणावर आतून एक कागद चिकटवा आणि त्यावर लिहा: २५ च्या १००, १०० च्या १००, ५०० च्या ५०, १००० च्या ७५, ५००० च्या २५. गणपतीत डबा उघडाल तेव्हा मोजणारा तुम्हीच असाल असं नाही.